चाकांबरोबर बाहेर जाणारी माती

पावसाची एक चांगली सर येऊन गेल्यानंतर कोणत्याही मोठ्या बांधकामाच्या फाटकाबाहेर उभे राहावे. डांबरी रस्त्यावर तपकिरी रंगाच्या दोन समांतर पट्ट्या उमटलेल्या दिसतात. फाटकापाशी, जिथे गाड्या हळू चालतात, तिथे त्या कधीकधी फिकट असतात, आणि शंभर-दीडशे मीटर पुढे, जिथे गाडी वेग घेते, तिथे त्या पुन्हा गडद होतात. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे खोदाईच्या आणि भरावाच्या कामांवर गेली आहेत, आणि गेली काही वर्षे माती व पावसाचे पाणी साइटच्या हद्दीत रोखण्याचे काम माझ्याकडे आहे. या काळात त्या दोन पट्ट्या वाचायची मला सवय लागली आहे. आतल्या रस्त्यांची अवस्था काय आहे, खोदाईत पाणी साचले आहे का, चाके धुण्याच्या जागेची निगा राखली जाते का, हे आत न जाताही त्यांवरून बऱ्यापैकी कळते.

या विषयाकडे मी गांभीर्याने वळलो तो एका अपघातामुळे. तळघराची खोदाई जोरात चालू होती, दिवसभरात फाटकाबाहेर बराच चिखल गेला होता, आणि सकाळी कोणाची तक्रार येऊ नये म्हणून आम्ही रात्री पाण्याचा टँकर लावून रस्ता धुऊन घेतला. दिव्यांच्या उजेडात रस्ता स्वच्छ दिसला. पहाटे एक दुचाकीस्वार त्याच ठिकाणी ब्रेक लावताना घसरला आणि त्याच्या मनगटाचे हाड मोडले. मी जागेवर जाऊन रस्त्यावरून हात फिरवला, तेव्हा बोटांना साबणासारखा बुळबुळीत थर लागला. पाण्याने जाडी माती वाहून नेली होती आणि सर्वांत बारीक चिकणमाती डांबराच्या खाचाखळग्यांत सारखी पसरून ठेवली होती. चिखलाचे ढेकूळ वाहनचालकाला दुरून दिसते आणि तो ते चुकवू शकतो. हा थर कोणालाही दिसत नव्हता. रस्ता धुण्याचा निर्णय माझा होता, म्हणून ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

जी माती त्या रात्री वाहून गेली, ती रस्त्याकडेच्या जाळीतून पावसाळी गटारात गेली, आणि गटार पुढे ओढ्याला मिळत होते. पाण्यात मातीचा कण किती वेगाने खाली बसतो, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर (व्यास गुणिले व्यास) अवलंबून असते. हा वेग सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने गणित मांडले, तर ०.१ मिलिमीटर व्यासाचा रेतीचा कण एक मीटर खोल स्थिर पाण्यात सुमारे दोन मिनिटांत तळाला जातो, ०.०१ मिलिमीटरच्या गाळाच्या कणाला तीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसही पुरत नाहीत. ओढ्याचे पाणी स्थिर नसते, त्यामुळे हा शेवटचा कण प्रत्यक्षात फार दूरवर जातो. त्यामुळे पाणी गढूळ होते, पाणवनस्पतींना मिळणारा सूर्यप्रकाश कमी होतो, माशांच्या कल्ल्यांना इजा होते, आणि जिथे मासे अंडी घालतात त्या गोट्यांच्या फटी बुजतात. चिकणमातीच्या कणांना चिकटून फॉस्फरस आणि जड धातूही प्रवास करतात. यातील जाडी माती गटारातच बसते आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी तुंबते, तेव्हा त्या तुंबण्याचा आणि कुठल्यातरी फाटकाचा संबंध कोणी जोडत नाही.

माणसे मला अनेकदा म्हणतात, की एका डंपरच्या चाकांना किती माती लागणार. त्यांच्यासाठी मी एक साधे गणित करतो. खोदाई ५०,००० घनमीटरची आहे असे धरा. जमिनीतून उपसल्यावर माती फुगते. ही फूग २५ टक्के धरली, तर वाहून न्यायची माती ६२,५०० घनमीटर होते. एका डंपरमध्ये १४ घनमीटर माती मावत असेल, तर सुमारे ४,४६५ खेपा होतात. दहा चाकांवरून मिळून प्रत्येक खेपेला फक्त ५ किलो माती बाहेर गेली, तरी काम संपेपर्यंत २२ टनांहून अधिक माती सार्वजनिक रस्त्यावर पसरलेली असते. ५ किलो हा आकडा मी मुद्दाम कमी घेतला आहे. चिकट मातीत जोडचाकांच्या मधल्या फटीतून निघालेला एकच गोळा त्याहून जड असल्याचे मी पाहिले आहे. शिवाय यात काँक्रीटचे ट्रान्झिट मिक्सर, सळई आणि विटांचे ट्रक, आणि कर्मचाऱ्यांच्या गाड्या धरलेल्याच नाहीत.

माती चाकाला कधी चिकटते, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट ॲटरबर्ग यांनी १९११ मध्ये मातीतील पाण्याच्या प्रमाणानुसार तिच्या अवस्था ठरवण्याची पद्धत मांडली, आणि तिच्यातील प्लास्टिक लिमिट व लिक्विड लिमिट या दोन मर्यादा आजही प्रत्येक मातीपरीक्षण अहवालात असतात. पाणी प्लास्टिक लिमिटच्या खाली असेल, तर मातीचा भुगा होतो आणि ती चाकावरून गळून पडते. पाणी लिक्विड लिमिटच्या वर गेले, तर ती पातळ होऊन ओघळते. या दोन मर्यादांच्या मधली माती मात्र मळलेल्या कणकेसारखी असते, रबराला घट्ट धरते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. म्हणूनच भर पावसात दिसतो त्यापेक्षा अधिक चिखल पाऊस थांबल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी बाहेर जातो, कारण तेव्हा माती नेमकी त्या मधल्या अवस्थेत आलेली असते आणि थांबलेले काम भरून काढण्यासाठी खेपाही वाढवलेल्या असतात. मातीपरीक्षण अहवाल बहुतेक वेळा पायाच्या आराखड्यापुरता उघडला जातो. या दोन मर्यादांमधले अंतर मोठे असेल, तर फाटकाची तयारीही तितकीच मोठी लागेल, ही सूचना त्याच पानावर असते आणि ती काम सुरू होण्यापूर्वी वाचली पाहिजे.

धुळीसाठी मारलेले पाणीही इथे विचारात घ्यावे लागते. कोरड्या दिवसांत आतल्या कच्च्या रस्त्यांवर टँकरने पाणी शिंपडणे आवश्यकच असते. परंतु एकाच वेळी भरपूर पाणी ओतले, तर वरचा थर त्या मधल्या चिकट अवस्थेत जातो आणि धुळीचा प्रश्न सोडवताना आपण चिखलाचा प्रश्न तयार करतो. थोडे पाणी, अधिक वेळा, आणि फवाऱ्याने, ही शिस्त टँकरच्या चालकाला समजावून सांगावी लागते. फाटकापासूनच्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तर टँकरने पाणी सोडूच नये, असे माझे मत आहे. तिथे रस्ता पक्का करून तो झाडावा.

दुसरी गोष्ट वेगाची आहे, आणि रस्त्यावरच्या पट्ट्या फाटकापासून दूर का गडद होतात हे तिच्यामुळे कळते. डंपरच्या चाकाचा व्यास साधारण एक मीटर असतो. गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने चालत असेल, तर टायरच्या पृष्ठभागावरील चिखलाला बाहेर फेकणारे बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडपट असते. वेग ताशी ४० किलोमीटर झाला, की ते बल सोळापट वाढते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पंचवीसपट होते. फाटकावर हळू चालताना खाचांत घट्ट बसून राहिलेला चिखल पुढे मोकळ्या रस्त्यावर भिरकावला जातो. म्हणून फाटकापाशी उभे राहून रस्ता स्वच्छ आहे असे ठरवणारा पर्यवेक्षक चुकतो. पाहणी करायची तर पहिल्या सिग्नलपर्यंत किंवा गाड्या पूर्ण वेग घेतात तिथपर्यंत चालत जावे लागते.

या सगळ्यावरून माझे एक ठाम मत झाले आहे. चाके धुणे, हादरवणे आणि रस्ता झाडणे ही नंतरची कामे आहेत. खरे काम चाक चिखलात जाऊच न देण्याचे आहे, आणि ते साइटच्या आखणीत, पहिला डंपर येण्यापूर्वी करावे लागते. पोकलेन मातीवर उभे राहू शकते, कारण ते साइटबाहेर जात नाही. डंपर मात्र बाहेर जातो, म्हणून डंपरने कच्च्या मातीवर उतरूच नये. खोदाईच्या कडेला दगडी सोलिंग आणि त्यावर खडीचा थर देऊन भरणीची पक्की जागा तयार करावी, डंपर त्या जागेवर उभा राहावा, आणि पोकलेनने खालून किंवा बाजूने त्याला भरावे. खोदाई पुढे सरकते तशी ही जागाही पुढे सरकवावी लागते, त्याला खडी लागते, रोलर लागतो आणि अर्धा दिवस जातो. हा अर्धा दिवस वाचवण्यासाठी डंपर थेट खड्ड्यात उतरवला जातो, आणि मग फाटकावर कितीही यंत्रे लावली तरी ती अपुरी पडतात.

भरतानाही काळजी लागते. बकेट घाईने रिकामी केली, की माती हौद्याच्या कडेवर, मागच्या फळीवर आणि चाकांच्या वरच्या बाजूला सांडते. ती तिथे काही वेळ टिकते आणि रस्त्यातल्या पहिल्या खड्ड्यावर पडते. चाके कितीही स्वच्छ धुतली, तरी ही माती धुतली जात नाही. भरणी झाल्यावर तिथेच एका माणसाने फावड्याने कडा साफ कराव्यात, मागची फळी नीट बसली आहे का ते पाहावे आणि ताडपत्री बांधावी. या कामाला दोन मिनिटे लागतात.

मोठ्या साइटवर दोन प्रकारच्या फेऱ्या असतात आणि त्या वेगळ्या ठेवणे शक्य असते. माती वाहणाऱ्या गाड्यांची एक फेरी, आणि काँक्रीट, सळई, फरशा असे साहित्य आणणाऱ्या गाड्यांची दुसरी. दुसऱ्या फेरीतील गाड्यांना मातीत जाण्याचे काहीच कारण नसते. तरीही रस्ते एकच असल्यामुळे त्या डंपरने आणलेल्या चिखलातून जातात आणि तो बाहेर नेतात. दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये नुसती चुन्याची रेघ मारून उपयोग होत नाही, काँक्रीटचे ठोकळे किंवा कुंपण लागते. इमारतींमधले कायमचे रस्ते शेवटी करण्याची पद्धत आहे. त्यांचा खालचा खडीचा थर सुरुवातीलाच घालून घेतला, तर तोच थर दोन-तीन वर्षे बांधकामाचा पक्का रस्ता म्हणून वापरता येतो आणि शेवटी वरचा भाग दुरुस्त करून त्यावर डांबर किंवा काँक्रीट घालता येते. याला लागणारा पैसा नाहीतरी खर्च होणारच असतो, तो फक्त आधी खर्च होतो. कर्मचाऱ्यांच्या गाड्यांसाठी फाटकाजवळ पक्की जागा करून त्यांना आत सोडूच नये, हेही याच आखणीत येते.

फाटक कुठे असावे, हा प्रश्न फार वेळा रस्ता कुठे आहे यावरूनच ठरतो. रस्ता बहुधा जमिनीच्या सखल बाजूला असतो, आणि त्यामुळे संपूर्ण साइटचे पाणी फाटकाकडे वाहत येते. जागा बदलता येत नसेल, तर निदान फाटकाच्या आतली जमीन उलट, म्हणजे साइटच्या आत उतरती करावी, आणि फाटकाला आडवा, गाडी ओलांडू शकेल असा बेताचा उंचवटा घालून पाणी बाजूच्या चरात व तिथून गाळ बसवण्याच्या तळ्यात वळवावे. मी ज्या साइटवर हे सुरुवातीला करू शकलो, तिथे पहिल्याच पावसाळ्यात फरक दिसला.

आता खडीच्या पट्ट्याविषयी. फाटकाच्या आत जाड खडीचा पट्टा घालणे हा सर्वांत जुना आणि सर्वत्र वापरला जाणारा उपाय आहे, आणि तो सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने केला जातो. त्याची कल्पना अशी, की मोठ्या, कोनदार दगडांवरून जाताना टायर वाकतो, त्याच्या खाचा किंचित उघडतात, चिखल सुटतो आणि दगडांमधल्या पोकळीत पडतो. यासाठी दगड मोठा हवा. ५० ते ७५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा. २० मिलिमीटरची बांधकामाची खडी घातली, तर पोकळी लगेच भरते, आणि ते बारीक दगड जोडचाकांच्या मध्ये अडकून बाहेर जातात व मागच्या गाडीच्या काचेवर उडतात. जाडी निदान १५० मिलिमीटर असावी असे बहुतेक ठिकाणच्या नियमावल्या सांगतात. भरलेले डंपर रोज शेकड्याने जाणार असतील, तर मी ३०० मिलिमीटरपेक्षा कमी जाडी मान्य करत नाही. रुंदी फाटकाइतकी पूर्ण असावी, नाहीतर चालक खडखडाट टाळण्यासाठी कडेने गाडी काढतात.

लांबीचा हिशेब टायरच्या परिघावरून करावा. एक मीटरहून थोड्या अधिक व्यासाच्या टायरचा परिघ सुमारे ३.३ मीटर असतो. १५ मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे अनेक नियमांतील किमान लांबीवर, चाकाचे साडेचार फेरे होतात. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग खडीला फक्त चार-पाच वेळा टेकतो. चिकट मातीसाठी हे पुरेसे नाही, हे कोणालाही पटावे. ३० मीटर जागा असेल, तर नऊ फेरे मिळतात, आणि हा फरक रस्त्यावर स्पष्ट दिसतो.

खडीच्या खाली जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरणे हा खर्च सर्वांत आधी कापला जातो, आणि तो कापला की पट्टा काही आठवड्यांत संपतो. ओल्या मऊ जमिनीवर जड गाड्या गेल्या, की दगड खाली दबत जातात आणि त्याच दाबाने खालचा चिखल पोकळीतून वर येतो. कापड या दोघांना वेगळे ठेवते आणि पाण्याला वाट देते. कापड नसलेल्या पट्ट्यावर पुन्हा पुन्हा खडी ओतावी लागते, आणि प्रत्येक वेळी ती जमिनीत जिरते. या वाया गेलेल्या खडीची किंमत कापडाच्या किमतीच्या पुढे सहज जाते. खडीऐवजी तोडलेल्या जुन्या काँक्रीटचे तुकडे वापरायचे असतील, तर त्यांतली बारीक भुकटी चाळून काढावी, आणि त्यांवरून वाहणारे पाणी अल्कधर्मी होते हे लक्षात ठेवून ते थेट ओढ्याकडे जाऊ देऊ नये.

एक चूक मी तीन वेगवेगळ्या साइटवर पाहिली आहे. मोठ्या दगडांवरून छोट्या मोटारींना त्रास होतो, म्हणून कोणीतरी वरून बारीक खडी आणि कच पसरवायला सांगते. त्या दिवसापासून तो पट्टा साधा रस्ता होतो. मोटारींसाठी वेगळी वाट ठेवावी. डंपरच्या वाटेवरचा खडबडीतपणा हेच त्या पट्ट्याचे काम आहे. शिवाय पट्टा भरला की नाही, हे टाचेने दाबून पाहावे. टाच दगडावर थांबली तर ठीक. मऊ लागली तर पट्टा भरलेला आहे, आणि भरलेला पट्टा चिखल काढून न घेता उलट चाकांना लावतो. अशा वेळी वरचा थर उचलून नवी खडी घालावी लागते, जुन्या चिखलावर नवी खडी टाकून भागत नाही.

हादरे देणाऱ्या लोखंडी जाळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. पाइप किंवा अँगल अंतराअंतरावर जोडून त्या बनवलेल्या असतात, चाक त्यांवरून उड्या मारत जाते आणि चिखल खालच्या खड्ड्यात पडतो. त्या सहज हलवता येतात आणि खडीपेक्षा लवकर साफ होतात. त्यांच्या खालचा खड्डा भरला, की त्या निरुपयोगी ठरतात. खड्डा दर दिवशी रिकामा करणारा माणूस नेमलेला नसेल, तर त्या आणूच नयेत.

चाके धुण्याच्या यंत्रावर मात्र थांबायला हवे, कारण ते आणले की प्रश्न सुटला अशी समजूत फार पसरलेली आहे. यंत्रात दोन्ही बाजूंनी आणि खालून जोरदार फवारे असतात, पाणी टाकीत जाऊन गाळ बसल्यावर पुन्हा वापरले जाते. कल्पना उत्तम आहे. अडचण टाकीत असते. दिवसाला ३०० डंपर जात असतील आणि प्रत्येकाने ५ किलो माती सोडली, तर रोज दीड टन कोरडी माती त्या टाकीत जमते, आणि ओल्या गाळाचे वजन व आकारमान त्याहून बरेच जास्त असते. टाकी वेळेवर उपसली नाही, तर फवाऱ्यांतून पाण्याऐवजी चिखलपाणीच येते आणि आपण प्रत्येक गाडीला पातळ मातीचा लेप देऊन बाहेर पाठवतो. कोरडे झाल्यावर त्याच लेपाची धूळ होते. चिकणमाती स्वतःहून बसायला किती वेळ लागतो हे वर सांगितले आहेच. त्यामुळे अशा मातीत पाण्यात कण एकत्र आणणारे द्रव्य मिसळावे लागते. त्यासाठी पॉलिॲक्रिलामाइड हे रसायन वापरायचे असेल, तर ऋणभारित प्रकारच घ्यावा, कारण धनभारित प्रकार माशांच्या कल्ल्यांना चिकटतो आणि त्यांना घातक ठरतो.

दुसरी अडचण वेळेची आहे. तासाला ६० गाड्या बाहेर पडणार असतील, तर एका यंत्रावर प्रत्येकीला एकच मिनिट मिळते. रांग लागते, चालक हॉर्न वाजवतात, आणि कोणीतरी यंत्राच्या बाजूची वाट उघडून देते. ही वाट काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बंद केलेली असावी आणि ते ठोकळे क्रेनशिवाय हलू नयेत. गाड्यांची संख्या आधीच मोजून दोन यंत्रे लावणे हाच खरा उपाय आहे.

तिसरी गोष्ट यंत्रानंतरच्या जागेची. धुतलेली गाडी बरेच पाणी अंगावर घेऊन बाहेर पडते, आणि यंत्र अगदी फाटकाला लागून असेल, तर ते गढूळ पाणी रस्त्यावर ठिबकते. यंत्र आणि फाटक यांच्यामध्ये निदान १५-२० मीटरची पक्की, आतल्या बाजूला उतरती जागा असावी, म्हणजे निथळलेले पाणी परत टाकीकडे येते. हाँगकाँगच्या बांधकाम धूळ नियंत्रण नियमांत, जे १९९७ मध्ये आले, साइट सोडणारी प्रत्येक गाडी धुणे जसे बंधनकारक आहे, तसेच धुण्याची जागा आणि फाटक यांच्यामधला रस्ता पक्का करणेही बंधनकारक आहे. नियम लिहिणाऱ्यांनी प्रत्यक्ष फाटकावर उभे राहून पाहिले असावे, असे मला हे वाचताना वाटले.

इतके करूनही काही माती बाहेर जातेच, आणि ती त्याच दिवशी उचलली पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या बांधकामविषयक सर्वसाधारण परवान्यात, चाकांबरोबर बाहेर गेलेली माती त्याच कामाच्या दिवसाअखेर काढावी, आणि ती धुऊन किंवा झाडून गटारात ढकलू नये, अशी स्पष्ट अट आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील हवेच्या गुणवत्तेसंबंधीचा नियम ४०३ याहून कडक आहे. तिथे रस्त्यावरचे माग एकूण २५ फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर लांबीपर्यंत पोहोचूच द्यायचे नसतात, आणि असतील तेवढे दिवसाअखेर काढायचे असतात. मला हा नियम उपयुक्त वाटतो, कारण तो टेप घेऊन मोजता येतो. "रस्ता स्वच्छ ठेवावा" एवढेच लिहिलेले असते, तेव्हा स्वच्छ म्हणजे काय यावर वाद होतो.

झाडण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आहे. जाडा चिखल ओला असतानाच फावड्याने उचलावा. उरलेल्या बारीक मातीसाठी शोषून घेणारे यंत्र वापरावे. साध्या फिरत्या ब्रशने कोरडी माती फक्त उडते आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसते. त्याच अमेरिकी संस्थेच्या एपी-४२ या संकलनात पक्क्या रस्त्यावरील धुळीचे सूत्र दिलेले आहे. त्यात ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक मातीच्या दर चौरस मीटरवरील वजनाचा घातांक ०.९१ आहे, म्हणजे ही बारीक माती दुप्पट झाली की प्रत्येक वाहनामागे उडणारी धूळही जवळजवळ दुप्पट होते. ती धूळ फक्त आपल्या डंपरमुळे उडत नाही. त्या रस्त्यावरून दिवसभर जाणारे प्रत्येक वाहन आपण पसरलेली माती पुन्हा पुन्हा हवेत उडवत राहते, आणि शेजारची माणसे ती श्वासात घेतात.

या साधनांपेक्षाही अधिक परिणाम फाटकावरच्या माणसाचा होतो, असे माझे निरीक्षण आहे. तिथे बहुतेक ठिकाणी एक सुरक्षारक्षक असतो आणि तो गाड्यांचे क्रमांक लिहितो. चिखल लागलेली गाडी परत पाठवण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि असला तरी चालक त्याचे ऐकत नाही, कारण चालकाला पैसे खेपेवर मिळतात. परत जाऊन चाके धुण्यात गेलेली दहा मिनिटे त्याच्या दिवसातून वजा होतात. मी एका साइटवर ठेकेदाराशी बोलून असे ठरवले, की धुण्यासाठी परत पाठवलेल्या गाडीचा तेवढा वेळ भरून दिला जाईल, आणि फाटकावर सुरक्षारक्षकाऐवजी अनुभवी मुकादम बसेल. चालकांशी होणारे वाद त्या आठवड्यातच थांबले. काही दिवसांनी चालक स्वतःच गाडीतून उतरून जोडचाकांच्या फटीतले गोळे सळईने काढू लागले. त्यांना चिखल बाहेर न्यायची हौस कधीच नव्हती. तो काढायला वेळ कोणी देत नव्हते.

याच कारणासाठी ठेक्याच्या कागदपत्रांत चाके धुण्याची जागा, खडीचा पट्टा, टाकीचा उपसा आणि रस्त्याची सफाई या बाबी वेगळ्या, मोजता येतील अशा लिहिल्या पाहिजेत. "इतर किरकोळ कामांत समाविष्ट" असे लिहिले, की त्यांवरचा प्रत्येक रुपया ठेकेदाराला स्वतःच्या नफ्यातून गेल्यासारखा वाटतो. पाऊस पडल्यानंतर मातीवाहतूक किती वेळ थांबवायची आणि तो निर्णय कोणाचा, हेही त्यातच लिहून ठेवावे. पावसानंतरच्या सकाळी, पन्नास डंपर उभे असताना, हा निर्णय नव्याने घेणे कोणालाही जड जाते.

शेवटी एका टप्प्याविषयी सांगायचे आहे, ज्याकडे अनुभवी माणसांचेही दुर्लक्ष होते. इमारत उभी राहिली, खोदाई संपली, की चाके धुण्याचे यंत्र दुसऱ्या साइटला हवे असते म्हणून ते उचलले जाते. फाटकावरची खडीही काढली जाते, कारण तिथे आता कायमचा प्रवेशमार्ग करायचा असतो. नेमक्या याच वेळी बागेसाठी सुपीक माती येऊ लागते, झाडांसाठी खड्डे खणले जातात, पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्यांसाठी चर उकरले जातात, आणि आतले नवे रस्ते या मातीने भरून जातात. गाड्या लहान असतात, त्यामुळे कोणाला धोका वाटत नाही, पण गटारांच्या जाळ्या आता उघड्या असतात आणि गाळ बसवण्याचे तळे बुजवलेले असते. मी आता यंत्र हलवण्याच्या पत्रावर सही करण्यापूर्वी बागकामाचे वेळापत्रक मागून घेतो, आणि शेवटची मातीची गाडी येऊन जाईपर्यंत निदान एक जाळी, पाण्याचा पाइप, गढूळ पाणी साठवायला एक टाकी आणि एक माणूस फाटकावर ठेवतो. गटारांच्या तोंडावरचे गाळणीचे कापड हिरवळ धरेपर्यंत काढत नाही.